संधिपादवाहित विषाणुरोगांवरील लसी

डास, गोचीड, वालुमाशी इ. रक्तशोषक संधिपाद प्राण्यांच्या (सांधेयुक्त पाय असलेल्या अपृष्ठवंशी प्राण्यांच्या) दंशातून ज्या विषाणूंचा प्रसार होतो, त्यांच्यामुळे उद्‌भवणाऱ्या रोगांचा प्रतिबंध करण्यासाठी तयार केलेल्या लसी. पीतज्वर, डेंग्यू ज्वर, जपानी मस्तिष्कशोथ (मेंदूची दाहयुक्त सूज), चिकुनगुन्या व झिका हे डासांमार्फत पसरणारे, तर गोचीडवाहित मस्तिष्कशोथ, क्यासानूर जंगल रोग व क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ज्वर हे गोचिडींमार्फत पसरणारे प्रमुख रोग होत. हिवतापही डासांमुळेच पसरतो. परंतु त्याचा कारक विषाणू नसून आदिजीव (एककोशिक प्राणी) असल्याने त्यावरील लसींचा समावेश येथे केलेला नाही. वरीलपैकी बहुतेक रोगांवर विषाणूचा नाश करणारे खात्रीचे औषध उपलब्ध नाही. ज्वर कमी करणे, शरीरातील द्रवाचे संतुलन राखणे, रक्तस्राव झाल्यास रक्त देणे यांसारखे आधारभूत उपचारच करावे लागतात. त्यामुळे या रोगांच्या बाबतीत प्रतिबंधक लशीला विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे.

निसर्गातील चक्र व लशीचे कार्य : देवी किंवा गोवर यांचे विषाणू फक्त माणसात वाढतात. म्हणून पुरेशा लोकांना लस टोचली की विषाणूला आश्रय उरत नाही आणि लस न घेतलेल्यांनाही संरक्षण मिळते. देवीचे उच्चाटन या तत्त्वावरच शक्य झाले. संधिपादवाहित विषाणूंपैकी बहुतेकांची गोष्ट निराळी आहे. त्यांचे चक्र वन्य प्राणी, पक्षी आणि रक्तशोषक संधिपाद यांच्यात चालू असते व माणूस त्यात केवळ योगायोगाने सापडतो. जपानी मस्तिष्कशोथाच्या विषाणूचे चक्र बगळ्यांसारखे पाणपक्षी, डुकरे आणि क्यूलेक्स वंशातील डास यांच्यात चालते. बाधित माणसाच्या रक्तात विषाणूंची संख्या इतकी कमी असते की, त्याला चावलेल्या डासाकडून रोग पुढे जात नाही. गावातील सर्व मुलांना लस टोचली, तरी त्या गावातील डुकरे, बगळे व डास यांच्यातील विषाणू आहे तेथेच राहतो. पुढच्या वर्षी जन्मलेल्या बालकाला त्याच्यापासून तितकाच धोका संभवतो. डेंग्यू व चिकुनगुन्या यांच्या शहरी साथींत मात्र माणूस हाच विषाणूचा मुख्य आश्रयी असतो. परंतु तेथे वेगळ्या अडचणी उत्पन्न होतात.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, या वर्गातील बहुतेक लसी ज्याने त्या घेतल्या त्याचेच रक्षण करतात; शेजाऱ्याच्या लसीकरणाचा लाभ इतरांना मिळत नाही. दुसरी, विषाणूचे उच्चाटन होत नसल्यामुळे लसीकरण पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवावे लागते. साहजिकच लस दीर्घकाळ संरक्षण देणारी, सुरक्षित, स्वस्त आणि दुर्गम भागापर्यंत नेता येण्याजोगी असणे आवश्यक ठरते. या सर्व कसोट्यांना उतरणाऱ्या लसी फारच थोड्या आहेत.

लसींचे प्रकार : या लसी मुख्यत्वे चार प्रकारे तयार करतात. (१) निष्क्रिय लस : विषाणूंची प्राण्याच्या मेंदूत अथवा कोशिका-संवर्धनात (प्रयोगशाळेत वाढविलेल्या जिवंत पेशींत) वाढ करून फॉर्मॅलिनासारख्या रसायनाने त्यांची रोग उत्पन्न करण्याची शक्ती नष्ट करतात. ही लस सुरक्षित असते. परंतु तिच्या दोन-तीन मात्रा आणि पुढे वर्धक मात्रा द्याव्या लागतात. (२) दुर्बलित लस : विषाणू जिवंत असतो, पण अपरिचित प्राण्याच्या पेशींतून त्याचे वारंवार संक्रमण केल्यामुळे तो सौम्य झालेला असतो. बहुधा एकाच मात्रेने दीर्घकाळ टिकणारी प्रतिरक्षा (रोगप्रतिकारक्षमता) निर्माण होते. मात्र गर्भवती स्त्रिया व प्रतिरक्षा क्षीण झालेले रुग्ण यांना अशी लस सामान्यतः देत नाहीत. (३) संकरित लस : एखाद्या सौम्य विषाणूच्या जनुकांच्या जागी दुसऱ्या विषाणूच्या बाह्य आवरणातील प्रथिनांची जनुके बसवून नवा विषाणू तयार करतात. (४) विषाणुसदृश कण व प्रथिने यांच्या लसी : यांत विषाणूचे बाह्य कवच किंवा त्यातील एखादे प्रथिन असते; आनुवंशिक द्रव्य नसल्यामुळे त्यांची शरीरात वृद्धी होऊ शकत नाही.

पीतज्वर : या वर्गातील सर्वांत यशस्वी लस पीतज्वरावरील होय. हा रोग डासांमुळे पसरतो असे मत क्यूबातील वैद्य कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये मांडले आणि वॉल्टर रीड यांच्या आयोगाने १९०० मध्ये ते प्रयोगांनी सिद्ध केले. तथापि रोगकारक विषाणू वेगळा करण्यास १९२७ साल उजाडले. त्या वर्षी पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट (सध्याचा घाना) येथील असिबी नावाच्या रुग्णाचे रक्त ऱ्हीसस माकडाला टोचून विषाणू मिळविण्यात आला. या संशोधनात भाग घेणारे एड्रियन स्टोक्स त्याच वर्षी पीतज्वरानेच मृत्यू पावले. पुढे मॅक्स थायलर यांनी १९३० मध्ये हा विषाणू उंदरांत वाढविता येतो, असे दाखवून दिल्यामुळे संशोधन स्वस्त व सुलभ झाले. थायलर व ह्यू स्मिथ यांनी असिबी वाण प्रथम उंदराच्या भ्रूणाच्या ऊतकात व नंतर मज्जा-ऊतक काढून टाकलेल्या कोंबडीच्या भ्रूणाच्या ऊतकात पुनःपुन्हा वाढविला. ८९व्या व ११४व्या संक्रमणांच्या दरम्यान केव्हातरी त्याचा मेंदू व यकृत यांवरील घातक परिणाम नाहीसा झाला. ‘१७ डी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाणाची लस १९३७ मध्ये ब्राझीलमध्ये प्रथम मोठ्या प्रमाणावर टोचण्यात आली. या कार्याबद्दल थायलर यांना १९५१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. [⟶ पीतज्वर].

या लशीच्या इतिहासात एक गंभीर प्रसंगही घडला. लस स्थिर राहावी म्हणून तीत मानवी रक्तरस मिसळण्याची पद्धत होती. १९४२ मध्ये अमेरिकेच्या सु. ५०,००० सैनिकांना लस टोचल्यानंतर कावीळ झाली. मिसळलेल्या रक्तरसातून यकृतशोथ-बी या रोगाचा विषाणू त्यांच्या शरीरात गेला होता, हे पुढे निश्चित झाले. त्यानंतर लशीत मानवी रक्तरस वापरणे बंद करण्यात आले. लशीतील मूळ विषाणूइतकीच तीत मिसळलेल्या प्रत्येक द्रव्याची परीक्षा केली पाहिजे, हा लसनिर्मितीतील नियम अशा अनुभवांतून दृढ झाला.

या लशीची एक मात्रा आयुष्यभर पुरते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये जाहीर केले. सहा महिन्यांखालील बालकांना व अंड्याची तीव्र अधिहर्षता (ॲलर्जी) असणाऱ्यांना ती देत नाहीत. अगदी क्वचित लशीतील विषाणूच यकृतादी अंतस्त्यांना इजा करतो. हा धोका वृद्धांत अधिक असतो. लस आजही कोंबडीच्या फलित अंड्यांत तयार होत असल्यामुळे तिचे उत्पादन एकाएकी वाढविता येत नाही. २०१६ मध्ये अंगोला व काँगो या देशांत साथ पसरली, तेव्हा राखीव साठा अपुरा पडला आणि किन्शासा शहरात नेहमीच्या मात्रेचा पाचवा हिस्सा टोचून काम भागवावे लागले. भारतात पीतज्वर आढळलेला नाही. परंतु त्याचा वाहक एडिस ईजिप्ती हा डास येथे विपुल आहे. म्हणून रोगग्रस्त देशांतून येणाऱ्या प्रवाशांकडे लस टोचल्याचा दाखला असणे आवश्यक मानले जाते.

जपानी मस्तिष्कशोथ : या रोगाने मस्तिष्कशोथ झालेल्या रुग्णांपैकी २० ते ३० टक्के दगावतात आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना पक्षाघात, आकडी, बुद्धिमांद्य यांसारखी कायमची व्यंगे जडतात. बळी बहुतांशी मुलेच असतात. पहिली लस जपानमध्ये उंदरांच्या मेंदूत वाढविलेल्या विषाणूपासून तयार करण्यात आली आणि तिचा वापर १९५४ पासून सुरू झाला. थायलंडमध्ये १९८४–८५ मध्ये ६५,००० हून अधिक मुलांवर घेतलेल्या चाचणीत तिचे संरक्षक मूल्य ९१ टक्के आढळले. परंतु मेंदूच्या ऊतकातील प्रथिनांमुळे क्वचित विपरीत प्रतिक्रिया येण्याची भीती होती. अशा एका रुग्णानंतर २००५ मध्ये जपानने या लशीची शिफारस स्थगित केली. पुढे या पद्धतीची जागा कोशिका-संवर्धनातील लसींनी घेतली.

चीनमध्ये घुशीसारख्या हॅम्स्टर प्राण्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवून ‘एसए १४–१४–२’ हा दुर्बलित वाण तयार करण्यात आला व १९८८ मध्ये तेथे त्याच्या लशीला मान्यता मिळाली. भारतात या रोगाची पहिली नोंद १९५५ मध्ये तमिळनाडूतील वेल्लोर भागात झाली. १९७३ मध्ये पश्चिम बंगालमधील बांकुरा येथे मोठी साथ आली. २००५ मध्ये पूर्व उत्तर प्रदेशात, विशेषतः गोरखपूर भागात, हजाराहून अधिक मृत्यू झाले. त्यानंतर २००६ पासून चिनी लशीने जिल्हावार मोहीम सुरू करण्यात आली आणि पुढे रोगप्रवण जिल्ह्यांतील नित्याच्या लसीकरणात तिचा समावेश झाला. कर्नाटकातील कोलार येथे मिळालेल्या व पुणे येथील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वेगळ्या केलेल्या वाणापासून बनविलेली निष्क्रिय लस २०१३ मध्ये भारतात वापरात आली.

गोचीडवाहित मस्तिष्कशोथ : सोव्हिएट रशियाच्या अतिपूर्व भागातील जंगलांत काम करणाऱ्या लोकांत मेंदूचा एक घातक रोग आढळत असे. त्याच्या शोधासाठी १९३७ मध्ये लेव्ह झिल्बर यांच्या नेतृत्वाखाली एक तुकडी पाठविण्यात आली. तिने विषाणू वेगळा केला व आयक्सोडिस वंशातील गोचिडी त्याच्या वाहक असल्याचे दाखविले. त्यानंतर लवकरच उंदराच्या मेंदूपासून पहिली निष्क्रिय लस तयार झाली. ऑस्ट्रियात ख्रिश्चन कुन्झ यांच्या प्रयत्नांतून १९७० नंतरच्या दशकात कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींत वाढविलेली शुद्ध लस सिद्ध झाली आणि १९८१ पासून तेथे सर्व जनतेसाठी मोहीम राबविण्यात आली. पूर्वी काही वर्षी ६०० हून अधिक असलेली रुग्णसंख्या १९९९ पर्यंत चाळीसच्या आसपास आली. मात्र लस न घेतलेल्यांतील रोगाचे प्रमाण दीर्घकाळ जवळजवळ पूर्वीइतकेच राहिले. जंगलातील उंदीर व गोचिडी यांच्यातील विषाणूवर लसीकरणाचा काहीच परिणाम झालेला नव्हता. अशा लसी केवळ घेणाऱ्याचेच रक्षण करतात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

क्यासानूर जंगल रोग : हा रोग भारतातच प्रथम ओळखला गेला. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासानूर जंगलात माकडे मोठ्या संख्येने मेलेली आढळली आणि त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांतील लोकांना तीव्र ज्वर, स्नायुदुखी व रक्तस्राव होऊ लागला. माकडांच्या मृत्यूमुळे भारतात पीतज्वर शिरल्याची शंका प्रथम आली. पुणे येथील विषाणू संशोधन केंद्रातील (स्थापना १९५२, १९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) शास्त्रज्ञांनी विषाणू वेगळा केला, तेव्हा तो पीतज्वराचा नसून रशियातील गोचीडवाहित मस्तिष्कशोथाच्या विषाणूचा जवळचा नातलग असल्याचे दिसून आले. हीमॅफायसॅलिस स्पिनिजेरा ही गोचीड त्याची मुख्य वाहक आहे. मेलेल्या माकडाच्या अंगावरून गळून पडलेल्या गोचिडींमुळे तेवढा परिसर काही काळ धोक्याचा बनतो. डिसेंबर ते मे या काळात लाकूडफाटा, पालापाचोळा किंवा वनोपज गोळा करण्यासाठी जाणाऱ्यांना गोचिडींची अर्भके चावतात. रुग्णांपैकी सु. ३ ते ५ टक्के दगावतात. कोकणात हा रोग माकडताप या नावाने ओळखला जातो.

दोन्ही विषाणू जवळचे असल्यामुळे रशियन रोगावरील लस येथेही उपयोगी पडेल, अशी अपेक्षा होती. प्रारंभीच्या वर्षांत उंदराच्या मेंदूपासून केलेली ती निष्क्रिय लस बाधित भागातील लोकांना टोचून पाहण्यात आली. परंतु तिने पुरेसे संरक्षण मिळाले नाही. त्यामुळे मूळ विषाणूचीच लस करणे भाग पडले. पुण्याच्या केंद्रात १९६० नंतरच्या दशकात कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींत वाढवून फॉर्मॅलिनाने निष्क्रिय केलेली लस तयार झाली. १९९० पासून कर्नाटकात तिचा मोठ्या प्रमाणावर वापर सुरू झाला. १९९०–९२ मधील क्षेत्रीय चाचणीत एका मात्रेने सु. ७९ टक्के, तर दोन मात्रांनी सु. ९४ टक्के संरक्षण मिळाल्याचे नोंदविण्यात आले.

पुढील अनुभव इतका समाधानकारक नव्हता. महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, काही महिन्यांनी वर्धक मात्रा व नंतर काही वर्षे दरसाल एक मात्रा असा क्रम पाळावा लागे. टोचल्या जागी बराच वेळ दुखत असे. मोलमजुरीवर जगणाऱ्या लोकांना एवढ्या वेळा दिवस मोडून येणे जड जाई आणि दुसऱ्या मात्रेनंतर येणाऱ्यांची संख्या घटत असे. २००५–१० या काळातील माहितीच्या परीक्षणात दोन मात्रांचे संरक्षण सु. ६२ टक्के व वर्धक मात्रेसह सु. ८३ टक्के आढळले. एकट्या मात्रेचा उपयोग झाल्याचे दिसले नाही. दरम्यान रोगाचे क्षेत्रही वाढत गेले. २०१२ नंतर बंदिपूरचे अरण्य व केरळमधील वायनाड येथे, २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यातील पाली येथे आणि २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात रुग्ण आढळले. गोवा व सिंधुदुर्ग येथे काजूच्या हंगामात बागांत काम करणाऱ्यांना या रोगाचा विशेष उपसर्ग पोहोचला. काजूचा हंगाम आणि गोचिडींच्या अर्भकांचा काळ एकच असल्याने ‘जंगलात जाऊ नका’ हा सल्ला या लोकांना पाळता येण्यासारखा नसतो.

लशीची क्षमता अपुरी ठरल्यामुळे २०२२ मध्ये कर्नाटकात तिचा वापर थांबविण्यात आला. म्हणजेच तीन दशकांहून अधिक काळ वापरात असलेल्या लशीचा आधार रोगक्षेत्र विस्तारत असतानाच नाहीसा झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हैदराबाद येथील एका लस-उत्पादक संस्थेच्या सहकार्याने नवी निष्क्रिय लस विकसित करण्याचे काम हाती घेतले आहे. रोगी संख्येने थोडे, विखुरलेले व गरीब असल्यामुळे अशा लशीला बाजारपेठ नसते. तिचे संशोधन सार्वजनिक निधीतूनच करावे लागते व ते मध्येच थांबले, तर ज्ञान असूनही लोकांना संरक्षण मिळत नाही.

डेंग्यू ज्वर : डेंग्यूचे चार प्रकारचे विषाणू आहेत. एका प्रकाराच्या संसर्गाने त्या प्रकाराविरुद्ध दीर्घकाळ प्रतिरक्षा मिळते. इतर तिन्हींविरुद्ध मात्र ती काही महिनेच टिकते. ॲल्बर्ट सेबिन व वॉल्टर श्लेसिंजर यांनी १९४५ मध्ये उंदराच्या मेंदूत वाढवून पहिल्या प्रकाराचा दुर्बलित विषाणू मिळविला होता. तरीही मान्यताप्राप्त लस तयार होण्यास आणखी सत्तर वर्षे लागली. याचे कारण रोगाच्या स्वरूपातच आहे. बँकॉक येथे १९६० नंतरच्या दशकात संशोधन करताना स्कॉट हॅलस्टेड यांना असे दिसून आले की, डेंग्यूचा गंभीर प्रकार बहुधा दुसऱ्या संसर्गाच्या वेळी उद्‌भवतो. पहिल्या संसर्गातील प्रतिपिंडे (रोगकारकाला प्रतिकार करण्यासाठी रक्तात तयार होणारी प्रथिने) दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूला निष्प्रभ करू शकत नाहीत. उलट त्याला चिकटून विशिष्ट पांढऱ्या पेशींत त्याचा प्रवेश सुलभ करतात. म्हणून चारही प्रकारांविरुद्ध समतोल संरक्षण न देणारी लस पहिल्या संसर्गासारखीच वागण्याचा धोका असतो. [⟶ डेंग्यू ज्वर].

ही भीती निराधार नव्हती. पीतज्वराच्या १७ डी वाणात डेंग्यूच्या चारही प्रकारांची आवरण-जनुके बसवून केलेल्या ‘डेंगव्हॅक्सिया’ या संकरित लशीला २०१५ च्या अखेरीस मेक्सिकोत प्रथम मान्यता मिळाली. फिलिपीन्समध्ये २०१६ पासून शाळांतून तिची मोहीम सुरू झाली व ८ लाखांहून अधिक मुलांना ती टोचण्यात आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये निर्मात्यांनीच जाहीर केले की, पूर्वी डेंग्यू झालेल्यांना लस संरक्षण देते; परंतु पूर्वी कधीच डेंग्यू न झालेल्यांना लशीनंतर खरा संसर्ग झाला, तर गंभीर रोगाचा धोका वाढतो. मोहीम थांबविण्यात आली. पालकांत इतका अविश्वास पसरला की, इतर रोगांवरील लसीकरणावरही त्याचा परिणाम झाला व २०१९ मध्ये त्या देशात गोवराची मोठी साथ आली. नंतर रक्ततपासणीत पूर्वसंसर्ग सिद्ध झालेल्यांनाच ही लस द्यावी असे ठरले. पुढे मागणीअभावी तिचे उत्पादन बंद करण्यात आले.

बँकॉकच्या महिडोल विद्यापीठात दुर्बलित केलेल्या दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूवर आधारलेल्या ‘टीएके–००३’ या लशीला २०२२ मध्ये इंडोनेशियात प्रथम मान्यता मिळाली. रोगाचा प्रसार तीव्र असलेल्या भागांत ६ ते १६ वर्षे वयाच्या मुलांसाठी तिची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ञ समितीने २०२३ मध्ये केली. पूर्वी संसर्ग न झालेल्यांत तिसऱ्या प्रकाराविरुद्ध तिचे संरक्षण सिद्ध झालेले नाही. ब्राझीलमधील बुटांटान संस्थेच्या एका मात्रेच्या लशीला २०२५ मध्ये त्या देशाने मान्यता दिली. भारतात तयार झालेल्या एका चतुष्प्रकारी लशीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली असून तीत १०,००० हून अधिक प्रौढांचा समावेश करण्याचे योजिले होते.

चिकुनगुन्या व इतर रोग : चिकुनगुन्याचा रोग १९५२ मध्ये टांगानिकात (सध्याच्या टांझानियात) ओळखला गेला. भारतात १९६३ मध्ये कलकत्त्यास व १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्याच्या साथी आल्या. त्यानंतर सु. तीन दशके तो जवळजवळ दिसेनासा झाला आणि २००५–०६ मध्ये एकाएकी परतून त्याने १३ लाखांहून अधिक लोकांना ग्रासल्याचा अंदाज आहे. अशा अनिश्चित साथीत लशीची क्षेत्रीय चाचणी घेणे अवघड असते. चाचणीची तयारी होईतो साथ ओसरलेली असते. म्हणून २०२३ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पहिल्या दुर्बलित लशीला केवळ प्रतिपिंडांच्या प्रमाणावरून मान्यता देण्यात आली. मात्र वापरानंतर, विशेषतः वृद्धांत, गंभीर दुष्परिणाम आढळल्यामुळे ऑगस्ट २०२५ मध्ये तेथे तिचा परवाना स्थगित करण्यात आला. विषाणुसदृश कणांच्या दुसऱ्या लशीला फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे परवानगी मिळाली होती. झिका रोगावरील लसींचे संशोधन २०१५–१६ च्या ब्राझीलमधील साथीनंतर वेगाने सुरू झाले. परंतु साथ ओसरल्यामुळे त्यांची उपयुक्तता अजमावता आली नाही. पश्चिम नाईल ज्वरावर घोड्यांसाठी लसी उपलब्ध आहेत. माणसांसाठी मान्यताप्राप्त लस नाही. गुजरातमध्ये २०११ साली आढळलेल्या क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ज्वरावरही सर्वमान्य लस नाही. बल्गेरियात मात्र उंदराच्या मेंदूपासून केलेली लस १९७४ पासून मर्यादित प्रमाणात वापरली गेली आहे.

मूल्यमापनातील अडचणी : या विषाणूंपैकी अनेक एकाच फ्लॅव्हिव्हायरस वंशातील असल्यामुळे एका रोगाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्या रोगाच्या रक्तपरीक्षेत आढळू शकतात. त्यामुळे लस घेतलेल्या व्यक्तीला नेमका कोणता संसर्ग झाला, हे ठरविणे कठीण होते. शिवाय रक्तात प्रतिपिंडे दिसणे आणि प्रत्यक्ष रोगापासून संरक्षण मिळणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे डेंग्यूच्या अनुभवाने स्पष्ट झाले आहे. म्हणून लस देण्यापूर्वी त्या प्रदेशातील लोकांना पूर्वी कोणते संसर्ग झाले आहेत याची पाहणी करणे, चाचणीत भाग घेतलेल्यांवर अनेक वर्षे लक्ष ठेवणे आणि लशीच्या प्रत्येक खेपेची क्षमता तपासणे आवश्यक असते. आढळलेले दोष लोकांपासून न लपविणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. कारण एका लशीवरील विश्वास उडाला, तर इतर लसींनाही त्याची झळ पोहोचते.

लशीबरोबरच वाहकांचे नियंत्रण चालू ठेवावे लागते. साठलेल्या पाण्यातील डासांची पैदास रोखणे, डुकरांचे गोठे वस्तीपासून दूर ठेवणे, मच्छरदाणी वापरणे, जंगलात जाताना अंगभर कपडे घालून गोचीडरोधक तेल लावणे व परतल्यावर गरम पाण्याने स्नान करून अंग तपासणे हे उपाय परिणामकारक आहेत. मेलेले माकड आढळल्यास त्याला हात न लावता आरोग्य व वन खात्यांना ताबडतोब कळविल्यास माणसांतील रोगाची पूर्वसूचना मिळू शकते. ज्या रोगांवर चांगली लस आहे त्यांबाबत हे उपाय लशीला पूरक ठरतात. क्यासानूर जंगल रोगाच्या बाबतीत मात्र नवी लस सिद्ध होईपर्यंत तेच संरक्षणाचे मुख्य साधन आहे.